धुरेवरचा भार

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअप ट्रकचे चालकाकडचे दार उघडले, की दाराची कडी जिथे अडकते त्या खांबावर तळहाताएवढे एक लेबल चिकटवलेले दिसते. टायरमध्ये हवा किती भरावी हे सांगणाऱ्या त्या लेबलावर एक ओळ अशी असते, की माणसे आणि सामान मिळून वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. मी या देशात पंचवीस वर्षे गाड्या चालवल्या आणि ती ओळ एकदाही वाचली नव्हती. वाचली ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०२३ च्या मार्च महिन्यात, पावसात, मोबाइलच्या उजेडात, आणि तीही पाचशे डॉलर बयाणा देऊन झाल्यावर.

बयाणा दिलेली गाडी सुंदर होती. गडद निळा रंग, चामड्याच्या आसनांना उन्हाळ्यात गार हवा, छताला काच, आणि बॉनेटखाली असे डिझेल इंजिन, की सुरू करताच समोरच्या दुकानाच्या काचा थरथरल्यासारख्या वाटाव्यात. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे टेक्ससमधले घर बंद ठेवून चाकांवरच्या घरातून हा देश पाहायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. चाकांवरचे घर आधीच पसंत करून झाले होते: अडतीस फुटी ट्रेलर, भरल्यावर वजनाची कमाल मर्यादा १६,००० पौंड, म्हणजे सव्वासात टनांच्या आसपास. पत्नीची अट साधी होती. स्वयंपाकघरात उभे राहून पोळ्या लाटता आल्या पाहिजेत आणि रात्री पलंग पसरावा लागता कामा नये. आधी ट्रेलर ठरवायचा आणि मग त्याला साजेसा ट्रक शोधायचा, हा क्रम योग्यच असतो. आमच्या हातून तो शहाणपणाने नव्हे, तर पोळ्यांमुळे पाळला गेला.

विक्रेत्याने सांगितले होते, की हिच्या मागे घर बांधलेत तरी ती ओढेल. खोटे बोलत नव्हता तो. या देशात तीन कंपन्यांमध्ये ओढण्याच्या ताकदीची जी चढाओढ चालते, ती पाहून आपल्याकडच्या शर्यतीच्या बैलांचे मालकही लाजतील. रॅमने २०१९ मध्ये कमिन्स इंजिनातून हजार पौंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, काढून दाखवला, मग तो १,०७५ वर नेला. फोर्डने २०२३ च्या सुपर ड्यूटीत १,२०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,६२७ न्यूटन-मीटरचे इंजिन दिले आणि त्यांच्या सर्वांत दांडग्या एफ-४५० ला ४०,००० पौंड ओढण्याचा आकडा लावला. अठरा टन! इतके वजन मागे लावून रस्त्यावर जाणारा सामान्य माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, पण आकडा जाहिरातीत शोभून दिसतो. तो अगदीच हवेतला असतो असेही नाही. त्याची चाचणी ठरलेल्या पद्धतीने होते आणि तिच्यात ॲरिझोनामधल्या डेव्हिस धरणापासून वर जाणारा अठरा-एक किलोमीटरचा चढ, रणरणत्या उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढावा लागतो.

पत्नी एवढा वेळ मागच्या आसनावर बसून पाय लांब करता येतात का, हे पाहत होती. तिने तिथूनच मराठीत विचारले, "अहो, ओढेल हो, पण थांबेल का?" विक्रेत्याला वाटले तिला रंग आवडला नाही.

घरी परतताना तिचा प्रश्न डोक्यात राहिला. संध्याकाळी मी पुन्हा त्या आवारात गेलो. दुकान बंद झाले होते, गाड्या बाहेर पावसात उभ्या होत्या, आणि आमच्या निळ्या गाडीला अजून कुलूप घातलेले नव्हते. दार उघडून मी ते लेबल वाचले. माणसे आणि सामान मिळून २,०५० पौंड. किलोत सांगायचे तर ९३०.

आता इथे ओढणे आणि वाहणे यांतला फरक समजून घ्यावा लागतो, आणि तो मला कोणत्याही माहितीपत्रकाने शिकवला नाही. तो मला माहीतच होता, फक्त चाळीस वर्षे वापरात नव्हता. माझे बालपण सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात गेले. आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, बैलगाडी भरायचे तेव्हा मोळ्या कुठे पडतात याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. सगळा ऊस मागे गेला तर गाडी उलाळ होते, धुरा आभाळाकडे उठतो आणि जू बैलांच्या गळ्याला फास लावते. सगळा पुढे आला तर गाडी बैलांच्या मानेवर बसते. "धुरंवर थोडा भार पायजेच," ते म्हणत, "पर मानंला काच पडंल एवढा न्हाई." बैल गाडी ओढतो हे सगळ्यांना दिसते. त्याच वेळी तो गाडीचा काही भाग मानेवर वाहतही असतो, हे फक्त गाडी भरणाऱ्याला ठाऊक असते.

पुढे बैलगाड्या कमी झाल्या आणि ट्रॅक्टर आले. हंगामात कारखान्याच्या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जाताना ज्याने पाहिले आहेत, त्याला चढावर येणारा एक प्रसंग आठवत असेल. पहिल्या ट्रॉलीचा भार मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या आकड्यावर पडतो आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते. पुढची दोन्ही चाके हवेत वीतभर वर गरगरत असतात, स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो, ड्रायव्हर डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून ट्रॅक्टर वळवत असतो, आणि टोळीतली दोन पोरे बॉनेटवर चढून बसलेली असतात. ताकद कमी नसते त्या ट्रॅक्टरमध्ये. भार चुकीच्या जागी पडलेला असतो.

आमचा ट्रेलर ज्या प्रकारचा आहे त्याला इथे 'फिफ्थ व्हील' म्हणतात. हे पाचवे चाक म्हणजे घोडागाडीच्या पुढच्या आखावर आडवे बसवलेले ते लोखंडी कडे, ज्याच्यावर आख वळत असे. घोडागाड्या गेल्या आणि नाव मोठ्या मालट्रकांच्या जोडणीला चिकटले. या जोडणीचा सगळा गुण तिच्या जागेत आहे. साधा ट्रेलर बंपरच्या मागे गोळ्यावर अडकवतात, म्हणजे ट्रॅक्टरसारखा मागच्या आखाच्याही मागे. फिफ्थ व्हीलची खीळ पिकअपच्या हौद्यात, मागच्या आखाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसते. त्यामुळे तोंड उचलले जात नाही आणि वाऱ्याच्या झोताने ट्रेलर शेपटीसारखा डुलतही नाही. किंमत मोजायची ती मानेने. गोळ्यावरच्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार धुरेवर येतो, तर फिफ्थ व्हीलचा पाचवा ते चौथा हिस्सा थेट ट्रकच्या अंगावर बसतो. आमचा ट्रेलर प्रवासाचे सामान भरून पंधरा हजार पौंडांच्या घरात जाणार होता. त्याचा पाचवा हिस्सा धरला तरी तीन हजार पौंड. त्यात खिळीच्या जोडणीचे दोनशे, आम्हा दोघांचे तीनशे तीस, हत्यारे आणि पाण्याचे कॅन. आणि लेबल म्हणत होते २,०५०.

निळी गाडी पाऊणटनी वर्गातली होती. पाऊण टन आणि एक टन ही नावे फार जुन्या काळची आहेत, आजच्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही, पण लोक अजून तसेच म्हणतात: मॉडेलच्या नावात २५० किंवा २५०० असेल तर पाऊण टन, ३५० किंवा ३५०० असेल तर एक टन. यातल्या बऱ्याच पाऊणटनी गाड्यांचे, स्वतःच्या वजनासह, एकूण वजन १०,००० पौंडांवर बांधलेले असते, कारण त्याच्या वर गेले की सरकारी वर्गवारीत गाडीचा वर्ग बदलतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरेच जड, तेही त्या दहा हजारांतूनच वजा होते. काचेचे छत वजा होते. हवा सोडणारी आसने, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, सगळे वजा. म्हणजे गाडी जितकी महाग, तितके तिच्या अंगावर वाहण्याचे बळ कमी, हा उलटा हिशेब त्या रात्री माझ्या ध्यानात आला. चेसिसचा दणकटपणा पाहून पुष्कळ लोक हे लेबल म्हणजे कागदोपत्री बाब आहे असे मानतात आणि पाऊणटनी गाडीवर खिळीचा तीन हजार पौंडांचा भार ठेवून बिनधास्त फिरतात. त्यांचे बहुधा काही बिघडत नाही. मला मात्र ती बेफिकिरी कधीच पटली नाही, कारण टायर आणि ब्रेक यांना तुमचा आत्मविश्वास वाचता येत नाही.

बयाणा परत मिळवायला तीन फोन आणि एक कडवट भेट लागली, ते असो.

मग खरा शोध सुरू झाला, आणि त्यात मी स्वतःला एका पूर्वग्रहासह रंगेहाथ पकडले. मला कमिन्सच हवे होते. याचे कारण इंजिनात नव्हते, कोथरूडमध्ये होते. ऐंशीच्या दशकात पुण्यात शिकताना मी कोथरूडला खोली घेऊन राहत होतो. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ सालची. तिच्या कारखान्याची पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा, त्यात आपणही एक दिवस असू, असे त्या वयात मला वाटे. तसे झाले नाही. पण इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी १९१९ मध्ये सुरू झालेल्या एका कंपनीचे नाव मी पुण्याचेच समजत राहिलो, आणि १९८९ च्या मॉडेलपासून डॉज, म्हणजे आताच्या रॅम, पिकअपमध्ये तेच इंजिन बसते हे इथे आल्यावर कळले तेव्हा गावचा माणूस भेटल्यासारखे वाटले. सहा सिलिंडर एका ओळीत, सुटे भाग कमी, उघडून दुरुस्त करायला मोकळी जागा. इंजिन खरोखरच चांगले आहे. फक्त ते चांगले आहे हे मला तपासण्याआधीच ठाऊक होते, हे काही ठीक नव्हते.

फोर्ड २०१० पर्यंत नॅव्हिस्टारची इंजिने घेत असे, २०११ च्या मॉडेलपासून ६.७ लिटरचे व्ही-८ स्वतः बनवू लागली. जनरल मोटर्सचे ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स इसुझूच्या भागीदारीतून आले आणि २००१ च्या मॉडेलपासून वापरात आहे. मी तिन्ही चालवून पाहिली. प्रामाणिकपणे सांगायचे तर रिकाम्या गाडीत बसून एका माणसाला त्यांच्यात फरक सांगता येईल तो आवाजाचा आणि आसनाचा. ज्याला यातले एक देव आणि दुसरी दोन दगड वाटतात, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. गणपतीच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका गृहस्थांनी मला पाऊण तास हेच समजावले आणि शेवटी कळले, की त्यांच्याकडे विजेवर चालणारी मोटार आहे.

डिझेलच का, हा प्रश्न मात्र मी स्वतःला नीट विचारला. त्यासाठी त्या वेळी नऊ-दहा हजार डॉलर जास्त द्यावे लागत होते आणि इंधनाच्या बचतीतून ते आमच्यासारख्यांना कधीच वसूल होत नाहीत, कारण ट्रेलर लावल्यावर डिझेलही लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते. शिवाय धुराच्या नळीत काजळी गाळणारी जाळी, जी अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मारण्यासाठी युरियाचे पाणी. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असे हे द्रावण वेगळ्या टाकीत भरतात आणि ते उणे ११ अंशांना गोठते. ज्या युरियासाठी आमच्या घरचे लोक सोसायटीच्या दारात रांगेत उभे राहिले, तो मी इथे पंपावर उभा राहून ट्रकला पाजतो आहे, हे तात्यांना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त "पिकतंय का मग?" एवढेच विचारले.

तरीही डिझेल, आणि तेही चढासाठी नव्हे तर उतारासाठी. चढावर टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, उपयोग होतोच. विरळ हवेत साधे पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के दम हरवते आणि टर्बो ती तूट पुष्कळशी भरून काढतो. पण चढावर दम कमी पडला तर गाडी हळू जाते, मागचे लोक हॉर्न वाजवतात, एवढेच. उतारावर कमी पडले तर गोष्ट वेगळी. आता गंमत अशी, की डिझेल इंजिनाला उतारावर स्वतःहून गाडी रोखून धरता येत नाही. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची झडप मिटते आणि इंजिन गुदमरल्यासारखे गाडीला मागे खेचते. डिझेलमध्ये तशी झडप हा वेग ताब्यात ठेवण्याचा मार्गच नाही, पाय उचलला की फक्त इंधन बंद होते आणि इंजिन मोकळा श्वास घेत फिरत राहते. यावरचा उपाय म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. टर्बोच्या आत फिरत्या पात्यांभोवती छोट्या पट्ट्यांचे एक कडे असते. बटण दाबले की त्या पट्ट्या जवळ येतात, धुराची वाट अरुंद होते, आणि पिस्टनना आपलाच धूर त्या फटीतून बाहेर ढकलण्यासाठी झगडावे लागते. तो झगडा म्हणजे ब्रेक. चाकांच्या ब्रेकवर हात न लावता.

या जातीच्या ब्रेकच्या इतिहासात पुन्हा कमिन्सच भेटले. कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी होत गेले, पुढे रेल्वेचे फाटक होते आणि रुळांवरून मालगाडी चालली होती. शेवटचा डबा गेला आणि ट्रक फाटकातून पार झाला. इंजिनालाच ब्रेक बनवण्याचे वेड त्या माणसाने त्यानंतर सोडले नाही. त्यांच्या रचनेवरचा ब्रेक जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला, आणि आजही अमेरिकेतल्या गावांच्या वेशीवर त्या फटफट आवाजाला मनाई करणाऱ्या पाट्या दिसतात. पिकअपमधला ब्रेक त्याहून वेगळा आणि शांत असतो, पण त्यामागची भीती तीच.

शेवटी घेतली ती जनरल मोटर्सची शेवरोले सिल्व्हराडो ३५०० एचडी, मागे दोन्ही बाजूंना दुहेरी चाके असलेली. कमिन्स नाही. या निर्णयात तत्त्वज्ञान काही नव्हते. आठ फुटी हौदा, कारण आखूड हौद्यात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेत घुसू शकतो; मधल्या प्रतीची सजावट, कारण काचेचे छत आता नकोच होते; आणि दुहेरी चाके. हे तीनही एकत्र असलेली गाडी साठ मैलांच्या परिसरात त्या आठवड्यात एकच होती. लेबल होते ५,४८० पौंड. स्वतःच्या वजनासह मर्यादा १४,०००. टॉर्क ९१०, म्हणजे तिघांत सर्वांत कमी, आणि त्याचे मला आजवर एकदाही वाईट वाटलेले नाही.

अशी गाडी रोजच्या वापराला गैरसोयीची असते, हे लपवण्यात अर्थ नाही. मागचा घेर आठ फूट, लांबी बावीस फुटांच्या वर. आपोआप गाडी धुणाऱ्या यंत्रात ती शिरत नाही. मंदिराच्या आवारात मी सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात लावतो आणि तरी दोन जागा अडवतो. आमच्या मराठी मंडळाने मात्र ती आपलीच मानली आहे. गणपतीची मखर, सतरंज्या आणि साउंडचे खोके आता दुसऱ्या कोणाच्या गाडीतून जातच नाहीत.

परवान्याचे काम मधल्या काळात उरकले. टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांच्या मर्यादा मिळून २६,००१ पौंड किंवा अधिक होत असतील आणि ट्रेलर दहा हजारांच्या वर असेल, तर खासगी वापरासाठीसुद्धा ए वर्गाचा परवाना लागतो. आमची बेरीज तीस हजार. पुष्कळ लोकांना हा नियम ठाऊकच नसतो आणि विकणारा तो आपणहून सांगत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षकाला शेजारी बसवून अडतीस फुटी घर उलटे चालवत दोन शंकूंमध्ये घालताना जो घाम फुटला, तो मला दहावीच्या बोर्डातही फुटला नव्हता.

आता काट्याविषयी. आमच्या भागात काटा हा शब्द उच्चारला की आवाज खाली येत असे. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर गेली की वजन किती निघेल, हे शेतकऱ्याच्या हातात नसे. काटामारीच्या गोष्टी घरोघरी होत्या, त्यातल्या किती खऱ्या आणि किती रागाच्या हे मला सांगता येणार नाही. तात्या कारखान्याला जाण्याआधी वाटेत एका खासगी काट्यावर गाडी घालून पावती घेत आणि ती टोपीत खोचत. दोन आकड्यांतला फरक दाखवून भांडण्यापुरते बळ त्यांच्याकडे नव्हते. पण आपल्याला आपले वजन माहीत असले पाहिजे, एवढा त्यांचा हट्ट होता.

इथे महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट कंपनीचे काटे असतात. तीन स्वतंत्र फळ्या असतात, म्हणजे पुढचा आख, मागचा आख आणि ट्रेलरचे आख वेगवेगळे तोलले जातात. बोलण्याचे बटण मालट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असते, त्यामुळे पिकअपवाल्याला दार उघडून पायरीवर उभे राहावे लागते. मी तसा उभा राहिलो. आतल्या बाईने ध्वनिवर्धकातून कंपनीचे नाव विचारले. मी म्हटले, कंपनी नाही, घर आहे. ती हसली असावी, आवाजात तसे वाटले. आधी ट्रेलरसह वजन केले, मग ट्रेलर बाजूला उभा करून ट्रक एकटा आणला. दोन पावत्या घेऊन आम्ही कॉफी पीत बसलो आणि मी पेन काढले.

एकटा ट्रक, आम्ही दोघे, भरलेली टाकी आणि खिळीची जोडणी: पुढच्या आखावर ५,०६० पौंड, मागच्यावर ४,०८०. ट्रेलर लावल्यावर पुढे ५,०२०, मागे ७,२६०, ट्रेलरच्या आखांवर ११,५२०. म्हणजे खिळीवर आलेला भार ३,१४०, ट्रेलरचे खरे वजन १४,६६०, आणि प्रमाण साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ. ट्रेलरच्या माहितीपत्रकात खिळीचा भार २,४०० छापला होता. तो रिकाम्या ट्रेलरचा. रिकाम्या ट्रेलरमध्ये कुकर नसतो, पाणी नसते आणि दोन वर्षांचे मसाले नसतात. तेवढ्यावर विसंबून निळी गाडी घेतली असती तर तिच्या लेबलावरचा आकडा आम्ही दोघे आत बसण्याआधीच ओलांडला गेला असता.

पण मी बराच वेळ पाहत राहिलो तो दुसराच आकडा. ५,०६० चे ५,०२० झाले होते. मागे साडेसहा टनांचे घर लावूनही पुढच्या चाकांवरून फक्त चाळीस पौंड हलके झाले होते. चढावर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसणाऱ्या त्या दोन पोरांपैकी एकाच्या निम्म्याइतके.

जूनमध्ये आम्ही निघालो. अमारिलोपर्यंत टेक्सस सपाट आहे, तिथे ट्रकची परीक्षा होते ती फक्त वाऱ्याने. न्यू मेक्सिको आणि कोलोराडोच्या सीमेवरची रॅटन खिंड, ७,८३४ फूट, सहज पार झाली. खरा घाट डेन्व्हरच्या पश्चिमेला, आयझेनहॉवर बोगद्याचा. समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर डोंगराखालून जाणारा तो पावणेदोन मैलांचा बोगदा संपला, की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे आठ मैलांचा सलग उतार लागतो, जागोजागी सात टक्क्यांपर्यंतचा. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीच्या चढत्या वाटा काढून ठेवल्या आहेत. त्या रिकाम्या वाटा पाहून जे वाटते ते खंबाटकीत वाढलेल्या माणसालाही वाटते.

बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच मी वेग पंचेचाळीस मैलांवर आणला आणि एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबले. उतार सुरू होताच गिअर आपोआप खाली आले, इंजिनाचे फेरे तीन हजारांच्या आसपास चढले, आणि बॉनेटखालून एक लांब, दबलेला, घशातला आवाज येऊ लागला. भरल्या गाडीला उतारावर मागे रेटून धरताना बैल असाच श्वास सोडतात. पत्नी वेगाच्या काट्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहण्याचे टाळत होतो. काटा पंचेचाळीसवरून सत्तेचाळीसवर गेला, पुन्हा पंचेचाळीसवर आला. आठ मैलांत मी पायाचा ब्रेक तीनदा दाबला, तोही थोडा आणि सोडून दिला. खाली पेट्रोलपंपावर थांबल्यावर उतरून मी एकेका चाकाच्या मधोमध, आखाजवळ, उलटा हात धरला. ऊन तापले होते त्याहून फार जास्त काही तापलेले नव्हते. तात्या कारखान्याच्या रांगेत उभे असताना हेच करायचे, वंगण आटले नाही ना हे पाहायला.

रात्री आठला तलावाकाठी मुक्काम लागला आणि मी त्यांना फोन केला. तिकडे सकाळ होती, चहा चालू होता. घाट उतरलो, म्हटले, अकरा हजार फुटांवरून. त्यांनी घाटाचे काही विचारले नाही.

"वजन किती व्हतं?"

"सगळं मिळून दहा टन आठशे, तात्या."

पलीकडे कपबशीचा आवाज झाला.

"काट्यावर का तोंडी?"

मी पावतीचा फोटो काढून पाठवला.